शिष्यवृत्तीचा हिशेब कोणी कोणाला द्यावा?

गंगापूरच्या विहारात वंदना आटोपल्यावर थोडा वेळ बोलत बसण्याची रीत आहे. अशाच एका बैठकीत तालुक्यातील एका मुलाचा विषय निघाला. त्याची परदेशी विद्यापीठात निवड झाली होती आणि सरकारी शिष्यवृत्तीसाठी हमीपत्र लिहून द्यायचे होते. वडील दुसऱ्याच्या उसात मजुरी करणारे. कागद पुढे करून ते म्हणाले, "गुरुजी, ही मदत हाय का कर्ज? मदत असंल तर सही कशापायी? अन् कर्ज असंल तर फेडायचं कुठून?"

बैठकीत कोणालाच चटकन उत्तर देता आले नाही. प्रश्न कागदाचा दिसतो, पण तो नीतीचा आहे. देणाऱ्याला घेणाऱ्यावर किती अधिकार पोचतो, हा तो प्रश्न.

याचे उत्तर शोधताना प्रथम बाबासाहेबांचे चरित्र आठवते. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करावी, अशी अट होती. महाराजांचे उपकार मोठे होते, यात वाद नाही. ती मदत नसती, तर कोलंबिया विद्यापीठाचे दार बाबासाहेबांना त्या वेळी उघडले नसते.

मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून बाबासाहेब परतले व कराराप्रमाणे बडोद्यास रुजू झाले. पुढे काय घडले ते आपण सारे जाणतो. कचेरीत शिपाई दुरून कागद फेकीत. राहायला घर कोणी देईना. पारशी धर्मशाळेतून लाठ्या दाखवून त्यांना बाहेर काढण्यात आले. दहा वर्षांची हमी त्यांच्याकडून लिहून घेतली होती. त्यांच्या डोक्यावर छप्पर राहील, याची हमी मात्र कोणीच दिली नव्हती. मग करार मोडला कोणी? सही करणाऱ्याने की सही घेणाऱ्या समाजाने? जो हिशेब एकाच बाजूने मागितला जातो, त्याला न्याय म्हणता येत नाही.

आता दुसरी बाजू पाहू. पैसा जनतेचा असेल, तर त्याचा जाब विचारलाच पाहिजे. विद्यार्थी शिकतो की नाही, वेळेत पदवी घेतो की नाही, हे पाहणे सरकारचे कर्तव्यच आहे. ज्यांच्या घरी दोन पिढ्यांपासून मोठा पगार येतो, त्यांनी उसाच्या फडातल्या मुलाची जागा अडवावी काय, हा प्रश्न तर आपण आपल्याच समाजाला विचारला पाहिजे. तो विचारायला लाजू नये.

पण पैशाचा हिशेब मागणे वेगळे आणि विचारावर पहारा बसविणे वेगळे. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात बाबासाहेबांनी भारतातील जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. बडोद्याच्या पैशावर शिकणारा विद्यार्थी ज्या समाजव्यवस्थेवर सारी संस्थाने उभी होती तिचीच चिकित्सा करीत होता. तरीही महाराजांनी विषय बदल, असे सांगितल्याचे कोठे दिसत नाही. उलट २०२२ साली केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. म्हणजे १९१६ चा तो विद्यार्थी त्या नियमांखाली अर्ज करता, तर त्याचा अर्ज टेबलावरच नामंजूर झाला असता. ही योजना १९५४-५५ पासून चालत आलेली, आपल्याच मुलांसाठी. आपल्या दुःखाचे कारण शोधायला मनाई करणारी मदत ही मदत कशी?

हिशेब सरकारनेही द्यायचा असतो. २०२५-२६ साठी या योजनेत १०६ विद्यार्थी निवडले गेले. पण आरंभी पत्रे ४० जणांनाच मिळाली, बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यास असे कळविण्यात आले. विद्यापीठाची तारीख कोणासाठी थांबत नाही. तो एक महिना त्या मुलांनी व त्यांच्या आईबापांनी कसा काढला असेल, याचा जाब कोणत्या हमीपत्रात लिहिला आहे?

आपल्या परंपरेत याचा एक उत्तम दाखला आहे. नवव्या शतकात सुवर्णद्वीपाचा राजा बालपुत्रदेव याने नालंदेत विहार बांधला. त्याच्या विनंतीवरून पाल राजा देवपालाने पाच गावे त्या विहारास लावून दिली. देवपालाचा ताम्रपट आजही उपलब्ध आहे. उत्पन्न कशासाठी, तर चारी दिशांहून येणाऱ्या भिक्षूंचे अन्न, वस्त्र, औषधोपचार आणि ग्रंथांचे लेखन यांसाठी. देणारा परदेशी, गावे इथली, आणि शिकणारे कुठलेही. पैसा कशावर खर्च व्हावा हे लिहून ठेवले; कोणी काय विचार करावा हे लिहिले नाही. धम्मातील दानाची मर्यादा ही अशी आहे.

तेव्हा त्या बापाला आपण काय सांगावे? सांगावे की, दादा, ही भीक नाही आणि सावकाराचे कर्जही नाही. दुर्बल घटकांच्या शिक्षणाची काळजी राज्याने वाहावी, असे संविधानाचे ४६ वे कलम सांगते. म्हणून निर्भयपणे सही करा. मुलाने अभ्यासाचा हिशेब चोख द्यावा. आणि पैसा उशिरा आला किंवा विषयावर बंधन आले, तर तुम्हीही सरकारला जाब विचारा.

एक हिशेब मात्र कोणत्याही कागदावर नसतो. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी आपली व्यथा बोलून दाखविली. शिकलेले पुढे गेले आणि समाज मागे राहिला, ही ती व्यथा. परदेशी गेलेल्या मुलाने परत आलेच पाहिजे, अशी सक्ती आपण करू नये; सक्तीने करुणा उपजत नाही. पण तो जेथे राहील तेथून त्याने मागच्या मुलाला हात द्यावा: अर्ज कसा भरावा, पत्र कसे लिहावे, हे तरी सांगावे. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढले, म्हणून आमच्या गंगापूर-वैजापूरची मुले शहर पाहू शकली. ते ऋण कोणी वसूल करायला येणार नाही. म्हणूनच ते फेडणे हे शीलाचे काम आहे.

वाचकांनी आपापल्या गावी हा प्रश्न चर्चेला घ्यावा.