जॉब, जॉबवर्क आणि खेळ

आमच्या दिघी-भोसरीकडे 'जॉब' हा शब्द दोन अर्थांनी वावरतो आणि त्या दोन अर्थांची गल्लत सहसा कोणी करीत नाही. लग्नाच्या बैठकीत 'मुलाला जॉब कुठे आहे?' असे विचारले म्हणजे ती नोकरीची चौकशी असते. परंतु विचारणारा तोच गृहस्थ दुसऱ्या दिवशी सकाळी औद्योगिक वसाहतीतल्या आपल्या शेडमध्ये शिरून 'जॉब बांधला का?' म्हणाला, तर तो यंत्रावर आवळून धरलेल्या, अद्याप आकाराला न आलेल्या लोखंडाच्या तुकड्याविषयी बोलत असतो. पहिला जॉब मिळतो किंवा मिळत नाही. दुसरा करावा लागतो, आणि मापात न बसल्यास भंगाराच्या पेटीत टाकून पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. आपल्या विद्यापीठीय शिक्षणाने यांपैकी पहिल्या अर्थाचा ध्यास घेतला आहे आणि दुसऱ्याचा स्वतःला जवळजवळ विसर पाडून घेतला आहे, ही गोष्ट तंत्रनिकेतनात यंत्रशास्त्र शिकवण्यात घालवलेल्या तीस वर्षांत मला जितकी जाणवली नाही, तितकी गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या एका मुलीच्या निमित्ताने जाणवली.

मुलगी आमच्या आबांची नात. आबांनी भोसरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये चौतीस वर्षे फिटर म्हणून काढली, आणि फिक्स्चर नीट बसले आहे की नाही या बाबतीत त्यांचा शब्द इंजिनिअर मंडळीही अखेरचा मानीत. बारावी झालेल्या नातीने व्हिडिओ गेमची रचना हा विषय घेऊन चार वर्षांची पदवी करण्याचा मनोदय जाहीर केला, तेव्हा एका खासगी विद्यापीठाची गुळगुळीत माहितीपुस्तिका घेऊन ते माझ्याकडे आले. "सर, पोरगी म्हणते गेम शिकायचाय. खेळ खेळायचा असतो, तो शिकायचा काय असतो? आणि हे पैसे लावून खेळतात त्यातलं तर नव्हं ना?" पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांना संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायद्यानेच बंदी घातली असून हा मामला त्यातला नाही, एवढे मी त्यांना सांगू शकलो, परंतु त्यांच्या पहिल्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुस्तिका मी दोनदा वाचली. कोणकोणती सॉफ्टवेअरे शिकवली जातात याची यादी तीत होती, कानाला हेडफोन लावून हसणाऱ्या मुलामुलींची छायाचित्रे होती, शेवटच्या पानावर कंपन्यांची बोधचिन्हे आणि सर्वांत मोठ्या पगाराचा आकडा होता. मात्र चार वर्षांत विद्यार्थ्याच्या हातून किती खेळ पुरे होतात, याविषयी एक ओळही नव्हती. मी आपला मध्यमवर्गीय सल्ला देऊन मोकळा झालो : संगणक अभियांत्रिकी घ्यावी, खेळ फावल्या वेळात करावेत.

आठेक दिवसांनी आबांच्या घरी गेलो तेव्हा फरशीवर खडूने चार चौकोन आखलेले होते आणि मध्ये एका वाटीत चिंचोके होते. खेळ नातीने रचलेला, विषय आमच्या वसाहतीतला : चार बिऱ्हाडांना मिळून पाण्याची एकच टाकी. वाटीत वीस चिंचोके, म्हणजे वीस बादल्या. प्रत्येकाने आपल्या पाळीला जास्तीत जास्त आठ घ्यायचे, चार डाव झाले की ज्याच्याकडे अधिक तो जिंकला. आबांनी एकच डाव खेळून हात झटकले. "पयला बसंल त्योच जिंकणार. आठ, आठ, चार, आणि शेवटच्याला ठणठणाट." नातीने वही काढून नियम बदलला : दर डावाला पहिला बसण्याचा मान फिरता ठेवला. चार डाव झाले, हिशेब केला, तर प्रत्येकाकडे बरोबर वीस! अन्याय गेला, आणि त्याच्यासोबत खेळही गेला. आजी म्हणाली, "ह्यो खेळ नव्हं, सोसायटीची मिटिंग झाली." तिसऱ्या फेरीत मुलीने पाळीच काढून टाकली : सर्वांनी चिंचोके चोरून मुठीत धरायचे आणि मुठी एकदम उघडायच्या, बेरीज विसाच्या आत आली तर ज्याचे त्याला, वर गेली तर मोटार जळाली, कोणालाच काही नाही. तो डाव मीही खेळलो. चौघांनी पाचपाच घेतले तर सर्वांचे भागते, हे चौघांनाही ठाऊक होते. तरीही पहिल्या उघडण्यातच मोटार जळाली, कारण 'मी दोनच घेते' असे देवाशपथ सांगणाऱ्या आजीच्या मुठीतून आठ चिंचोके निघाले. आजीला मी वीस वर्षे ओळखतो. तिच्या स्वभावातला हा कप्पा मला त्या दिवसापर्यंत अपरिचित होता.

संगणकाचा तेथे स्पर्शही नव्हता, आणि तरीही आबांच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या फरशीवर मिळाले. खेळाच्या रचनेत चित्र, संगीत आणि आज्ञावली ही अंगे महत्त्वाची खरी, त्यांचे तज्ज्ञही निराळे असतात. परंतु रचनाकाराचे स्वतःचे म्हणावे असे काम म्हणजे नियमांचा मसुदा करणे, तो मसुदा परक्या माणसांच्या हाती देणे, ती माणसे आपण योजलेल्या मार्गाने न जाता भलतीकडेच कशी जातात हे तोंड मिटून पाहणे, आणि पुन्हा मसुदा करणे. कायदा करणाराचे आणि नाटककाराचे काम येथे एकत्र आलेले आहे. फरक इतकाच की कायद्याची पळवाट सापडायला दहा वर्षे लागतात. आबांना ती पाच मिनिटांत सापडली.

आणि ही विद्या आपल्याकडे परकी नाही. येथून दोन-अडीच कोसांवर आळंदी आहे. आषाढीला माउलींची पालखी याच रस्त्याने दिघीवरून पुण्याकडे जाते. मोक्षपटाची कल्पना ज्ञानदेवांची, असे परंपरा सांगते. त्याला त्यांच्या काळातला लेखी दाखला नसला, तरी त्या पटाची रचना कोणत्या कुळातली आहे हे ओळखायला दाखल्याची गरज नाही. सोंगटी जिच्यावर चढते ती शिडी सद्गुणाची, गिळणारा साप दुर्गुणाचा, आणि अखेरचे घर मोक्षाचे. जुन्या अनेक पटांत साप अधिक आणि शिड्या कमी, कारण अधःपात सुलभ आणि उन्नती दुर्लभ हा सिद्धान्त प्रवचन न करता नियमांतून भोगायला लावायचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच पट इंग्लंडात गेला, तेथे साप-शिड्यांची संख्या समसमान झाली, पुढे घरांवरची नावेही पुसली गेली, आणि मुलांच्या करमणुकीचे एक साधन तेवढे उरले. पट तोच, फासे तेच. दोनचार साप कमी केल्याबरोबर त्याचे तत्त्वज्ञान बदलले. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात राज्यशास्त्राच्या बरोबरीने क्रीडांना आणि विनोदांना प्रकरणेच्या प्रकरणे दिली आहेत. खेळ हा ग्रंथ लिहिण्याचा विषय आहे की नाही, असा संशय त्या राजाला आला नसावा. तो आपल्याला येतो.

विषय विद्यापीठात शिकवण्यायोग्य आहे हे एकदा मान्य केले, म्हणजे तो शिकवण्याची आपल्या विद्यापीठांची लायकी आहे काय, हा अधिक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. या ठिकाणी मी आरोपीच्या पिंजऱ्यात स्वतःच उभा आहे. माझ्या विद्यार्थ्यांची जर्नले मी तीस वर्षे तपासली. प्रयोग बारा, आलेख बारा, आणि बाराही आलेखांतले सगळे बिंदू एका रेषेवर शहाण्या मुलांसारखे उभे. कारण ज्याचा बिंदू रेषेबाहेर जाई त्याचा प्रयोग मी 'पुन्हा करा' म्हणून परत करीत असे, आणि तो प्रयोग न करता आलेख तेवढा पुन्हा काढून आणीत असे. चूक लपवणे हा आमच्या अभ्यासक्रमाचा अलिखित विषय होता आणि त्यात सर्वच जण उत्तीर्ण होत. टूलरूममध्ये याच्या नेमके उलट चालते. तेथे नवे फिक्स्चर बसवले की ट्रायल घेतात, रिजेक्शन निघाले की ते टेबलावर मांडून त्याच्याभोवती माणसे जमतात, आणि पहिला पीस ओके झाल्याखेरीज पुढचा माल चालू करण्याची मुभा नसते. खेळाच्या रचनेचे शिक्षण द्यायचे तर ते या दुसऱ्या रीतीने द्यावे लागेल. ज्या परीक्षेत तीन तासांत लिहिलेला पहिला मसुदा हाच अखेरचा मसुदा समजून गुण मुक्रर होतात, त्या परीक्षेने या विद्येचा कणाच मोडतो.

कारखान्यांच्या गावात ही विद्या कशी रुजते याचे एक उदाहरण मला फार बोलके वाटते. स्कॉटलंडमधले डंडी हे मूळचे तागाच्या गिरण्यांचे गाव. बंगाल त्यांना ताग पुरवी आणि पुढे बंगालच्याच गिरण्यांनी त्यांना मागे टाकले. तेथे टायमेक्स या घड्याळांच्या कंपनीचा कारखाना होता, आणि १९८० च्या दशकात सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम हा स्वस्त घरगुती संगणक त्याच कारखान्यात जुळवला जात असे. संगणक गावातल्या घराघरांत पोचले आणि कामगारांची पोरे त्यांवर खेळ रचू लागली. डेव्हिड जोन्स हा टायमेक्समधलाच एक उमेदवार. नोकरी सोडताना हाती आलेल्या रकमेतून त्याने चांगला संगणक घेतला, आणि त्याने स्थापलेल्या मंडळीतून १९९१ मध्ये 'लेमिंग्स' व १९९७ मध्ये 'ग्रँड थेफ्ट ऑटो' हे खेळ निघाले. मधल्या काळात, १९९३ मध्ये, कडवट संपानंतर तो कारखाना बंद पडला. गावातल्या ॲबर्टे विद्यापीठाने संगणकीय खेळांची पदवी सुरू केली ती १९९७ मध्ये. आधी हात आले, मग पदवी आली. पुण्याला हा क्रम नवा वाटू नये. प्रभात कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली तेव्हा दामले आणि फत्तेलाल यांच्यापाशी चित्रपटाचा कोणता दाखला होता? त्यांच्या त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट उघडली ती १९६० मध्ये, कंपनीचे दिवस संपल्यावर.

आपल्याकडचा अडसर निराळा आहे, आणि त्यालाही भोसरीतच नाव आहे : जॉबवर्क. मोठ्या कंपनीने ड्रॉइंग पाठवायचे, आपल्या शेडमध्ये बरहुकूम माल काढायचा, आणि ते छिद्र तेथेच का असा प्रश्न विचारायचा नाही. पुण्यातल्या खेळांच्या धंद्याचा मोठा भाग बरीच वर्षे याच रीतीने चालला : खेळ दुसऱ्या देशात रचलेला, त्याची चित्रे भरण्याचे, तो निरनिराळ्या यंत्रांवर उतरवण्याचे किंवा त्यातले दोष हुडकण्याचे काम येथे. यूबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २००८ मध्ये पुण्यातला स्टुडिओ घेतला. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या एका गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती पुणे आणि मुंबई येथे घडते आहे असे २०२० मध्ये जाहीर झाले तेव्हा अनेकांना उचित आनंद झाला, आणि २०२२ मध्ये ते काम कॅनडातल्या माँट्रियलला हलवले गेले. त्याच २०२० साली पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा मंडळीने 'राजी' हा स्वतःचा खेळ प्रसिद्ध केला. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, दुर्गा आणि विष्णू, राजस्थानी वास्तूंची छाया असे त्याचे स्वरूप. त्याआधी २०१७ मध्ये लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न फसला होता, परंतु अखेर जगातल्या नवोदितांच्या मोठ्या पारितोषिकासाठी त्याचे नामांकन झाले. दोन्ही ठिकाणी हात पुण्याचेच. ड्रॉइंग कोणाचे, एवढाच भेद.

आबांच्या नातीला पुढे काय सांगावे, याचा विचार मला या भेदावरून करावासा वाटतो. केवळ सॉफ्टवेअरे शिकवणारी पदवी ही जॉबवर्कची पदवी आहे. यंत्र बदलले की ती जुनी होते, आणि यंत्रे या धंद्यात दर तीन-चार वर्षांनी बदलतात. शिवाय धंदा बेभरवशाचा. एकट्या मायक्रोसॉफ्टने २०२४ च्या जानेवारीत आपल्या खेळांच्या विभागातून १९०० माणसे कमी केली. तेव्हा घरावर कर्ज काढून अठराव्या वर्षी इतक्या अरुंद दारातून आत शिरण्याची मला भीती वाटते, आणि ती मी लपवणार नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने हा विषय आपल्या बंगळुरूच्या शाखेत पदव्युत्तर पातळीवर ठेवला आहे, म्हणजे आधी दुसरे काही शिकून मग इकडे वळण्याची ती तजवीज आहे, हे मला शहाणपणाचे वाटते. 'मारिओ'चा जनक शिगेरु मियामोतो औद्योगिक डिझाइन शिकून निन्टेन्डोत रुजू झाला होता. संभाव्यतेचे गणित, थोडे मानसशास्त्र, एखाद्या भाषेचे साहित्य कसून वाचलेले, आणि याच्या जोडीला दर महिन्यास एक लहान खेळ पुरा करून मोडून टाकण्याची सक्ती, असा अभ्यासक्रम कोणी आखला तर त्याला मी पदवीच्या नावाकडे न पाहता माझी स्वतःची नात धाडीन.

हे सर्व मी आबांना माझ्या पद्धतीने, म्हणजे बरेच लांबवून, सांगितले. त्यांनी ते आपल्या पद्धतीने आखडते घेतले. जून महिन्यात आम्ही तिघे ते विद्यापीठ पाहायला गेलो. प्रयोगशाळा थंडगार होती, पडदे मोठे होते, आणि काचेच्या कपाटात बक्षीस मिळालेल्या खेळांच्या चकचकीत पेट्या मांडल्या होत्या. प्रवेशाच्या खिडकीशी बसलेल्या तरुण कारकुनाने काही शंका आहे का असे अदबीने विचारले, तेव्हा आबा म्हणाले, "साहेब, ह्ये ओके झालेले दिसले. रिजेक्शन कुठं ठेवता, ते बघायचं होतं." कारकून गोंधळला, मग प्रवेश नाकारल्याची ही काही तक्रार असावी असे समजून त्याने दफ्तर चाळून तक्रार-अर्जाचा एक कोरा नमुना त्यांच्या हातात ठेवला.

परतीच्या बसमध्ये नातीने त्या नमुन्याच्या पाठकोऱ्या बाजूवर पाण्याच्या खेळाचा चौथा मसुदा लिहायला घेतला. टाकीत किती पाणी आहे ते आता एकालाच ठाऊक असणार होते, आणि तो एक कोण, यावर आजोबा-नातीचा कज्जा मॅगझीन चौक येईपर्यंत चालू होता.