देखाव्यातून कोणाला वगळावे?



दिवाळीत आपण अंगणात किल्ला करतो. माती, दगड, विटा, वरून पेरलेले अळीव आणि बुरुजावर मातीचे मावळे. सिंहासनावरचे शिवाजी महाराज बहुधा महादरवाजापेक्षाही उंच असतात. तरी आजवर कोणी त्या किल्ल्याला खोटा म्हटलेले नाही. मूल जे मोठे मानते, ते मोठे करते. गणपतीपुढचा देखावाही असाच असतो. खऱ्या जगातून थोडे घ्यायचे आणि पुष्कळ सोडायचे, हा देखाव्याचा नियमच आहे.

मग प्रश्न असा उरतो, की सोडायचे तर काय सोडायचे? प्रश्न लहान मुलांच्या खेळातला वाटतो. गेल्या वर्षी माझ्या घरी तो उभा राहिला, तेव्हा तो खेळापुरता नाही हे माझ्या लक्षात आले. तेच आज तुमच्यासमोर मांडते आहे.

प्लायवरचे पॉवर हाउस

भिलाईच्या सेक्टर 2 मध्ये माझ्या आजोबांचे क्वार्टर आहे. आम्ही त्यांना आबा म्हणतो. विदर्भातून ते इथे आले आणि पोलाद कारखान्यात, जिथे रेल्वेचे रूळ तयार होतात त्या मिलमध्ये, त्यांचे आयुष्य गेले. भिलाईचा कारखाना सोव्हिएत सहकार्याने उभा राहिला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तिथल्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आज तिथे 130 मीटर लांबीचा अखंड रूळ निघतो, आणि तसे दोन जोडून 260 मीटरचा एक तुकडा रेल्वेला दिला जातो. देशात कुठेही गाडीत बसा, आपल्या खाली बहुधा भिलाईचे पोलाद असते. आबांना या गोष्टीचा अभिमान आहे, तो ते बोलून दाखवत नाहीत, एवढेच.

काकांनी परदेशातून आबांना छोट्या रेल्वेचा संच पाठवला. इंजिन, तीन डबे आणि गोलाकार रूळ. प्रमाण 1:87, म्हणजे खऱ्या वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी प्रत्येक वस्तू. या प्रमाणात माणूस जेमतेम दोन सेंटिमीटरचा होतो. आठ बाय चार फुटांच्या प्लायवर आम्ही रूळ ठोकले. गणपतीच्या आधी त्याला एक स्टेशन जोडायचे ठरवले, तेही आमच्याच जवळचे, भिलाई पॉवर हाउस.

पहिल्याच दिवशी आबांनी रुळांवर पट्टी ठेवली आणि म्हणाले, "हे रूळ आपले नाहीत." ते खरे होते. या संचातील रुळांची रुंदी 16.5 मिलिमीटर असते. ती युरोपातल्या 1435 मिलिमीटरच्या मार्गावरून आली आहे. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा. 1:87 च्या हिशेबाने तो सव्वाएकोणीस मिलिमीटर भरायला हवा. शिवाय चोवीस डब्यांची गाडी या प्रमाणात केली, तर ती सहा मीटरांहून लांब होईल. आमचा प्लाय अडीच मीटरांचाही नाही. तेव्हा रूळ अरुंद राहिले, गाडी तीन डब्यांची राहिली आणि फलाट दीड हाताचा झाला. आबांनी हे सगळे हसत मान्य केले.

पुढचे तीन आठवडे आम्ही खपलो. बारीक खडी चाळून रुळांमध्ये पसरली. फेव्हिकॉलमध्ये पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब मिसळून ड्रॉपरने सोडले, की खडी न हलता चिकटते. भुश्शाला हिरवा रंग देऊन गवत केले. तांब्याची तार पिळून झाडांचे बुंधे केले. आइस्क्रीमच्या काड्यांची बाकडी, पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत स्टेशनचे नाव, पाण्याचा नळ, घड्याळ. मग माणसे: तार आणि क्ले यांची मी तीसएक माणसे केली. तिकीट तपासनीस, चहावाला, शाळेची मुले, लग्नाला निघालेले कुटुंब. आबांनी आपली चार माणसे जोडली. हातोडा खांद्यावर घेतलेला गँगमन, डोक्यावर बोजा घेतलेला हमाल, फलाट झाडणारी बाई आणि भिंतीकडेला चादर ओढून झोपलेला एक माणूस.

गणपती बसण्याच्या आदल्या रात्री मी शेवटची नजर फिरवली. झोपलेला माणूस आणि झाडणारी बाई मला खटकली. देखावा इतका नेटका झाला होता आणि ती दोघे मधेच होती. दुसऱ्या दिवशी शेजारीपाजारी दर्शनाला येणार, फोटो काढणार. मी दोघांना चिमट्याने उचलले आणि काडेपेटीत ठेवले.

सकाळी आबा आरतीआधी प्लायपाशी उभे राहिले. रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "ही झाडणारी तू काढलीस. मग फलाट कोणी झाडला?"

हिशेबातली सूट आणि हिशेबातली चोरी

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. उत्तर सुचेना, तेव्हा मी माझ्या पुस्तकांकडे वळले.

लेखापरीक्षक ताळेबंदावर सही करताना 'पैशापैशाने अचूक' असे लिहीत नाही. हिशेब 'खरे व वाजवी' चित्र दाखवतात, असे तो म्हणतो. मोठ्या कंपन्यांचे आकडे लाखांत नाहीतर कोटींत छापले जातात आणि खालची रक्कम सोडून दिली जाते. त्याला कोणी खोटे म्हणत नाही, कारण ती रक्कम सोडल्याने वाचणाऱ्याचे मत बदलत नाही. आमचे अरुंद रूळ आणि तीन डब्यांची गाडी अशाच सोडून दिलेल्या रकमा होत्या. जागा नव्हती म्हणून त्या सोडल्या, आणि त्यामुळे कोणाची फसवणूक झाली नाही.

पण याच पुस्तकात दुसरी एक नोंद आहे. वर्षअखेरीस मजुरांनी काम केलेले असते आणि त्यांची मजुरी द्यायची राहिलेली असते. ती रक्कम खर्चात धरावी लागते आणि देण्याच्या बाजूला दाखवावी लागते. ही नोंद गाळली, तर नफा फुगलेला दिसतो आणि ताळेबंद सुंदर दिसतो. ही गोष्ट मात्र सूट नसते. ज्याच्या श्रमावर नफा उभा आहे, त्याचेच देणे आपण पानावरून पुसलेले असते.

आता आबांचा प्रश्न पुन्हा वाचा. माझा फलाट स्वच्छ होता, आणि ती स्वच्छता मी ठेवली होती. ती करणारी बाई मात्र मी काढून टाकली होती. जागा नाही म्हणून मी तिला काढले नव्हते. ती दिसू नये म्हणून काढले होते.

माझ्या मते भेद इथे आहे. कल्पनेला मोठे करण्याचा अधिकार आहे, जसे किल्ल्यावरचे महाराज. कल्पनेला लहान करण्याचाही अधिकार आहे, जसा आमचा फलाट. पण ज्याचे आपण देणे लागतो, त्याला नाकारण्याचा अधिकार तिला नाही.

मी हौसेने हिंदीतून मराठीत अनुवाद करते. तिथेही हा मोह होतो. एखादे वाक्य अवघड असते, किंवा वाचकाला टोचेल असे असते. ते गाळले तर परिच्छेद सुरेख वाहतो. वाक्य आखूड करणे हे अनुवादकाचे काम आहे. टोचते म्हणून गाळणे हे त्याचे काम नाही.

दोन आक्षेप

तुमच्या मनात एक आक्षेप येईल. सणासुदीचा देखावा आनंदासाठी असतो, त्यात दुःख कशाला? हा आक्षेप हलका नाही. आनंद ही माणसाची खरी गरज आहे. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. 1 एप्रिल 1998 रोजी ते सुरू झाले आणि तेही 1:87 च्या प्रमाणातले आहे. मावशीकडे गेले असताना मी ते पाहिले. दिवे मंद होतात, छोट्या शहरात रात्र होते, खिडक्या उजळतात आणि गाड्या धावू लागतात. शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा आणि त्यांचा नातू दोघेही सारखेच पुढे वाकले होते. एका माणसाने आयुष्यभर जपलेल्या छंदातून अनोळखी लोकांना असा आनंद मिळतो, यात कमीपणा काहीच नाही.

पण झाडणारी बाई म्हणजे दुःख, हे कोणी ठरवले? ते मी ठरवले होते. आबांच्या लेखी ती स्टेशनवर काम करणारी एक व्यक्ती होती, तिकीट तपासनिसासारखी. तिला दुःखाच्या खात्यात टाकणारी नजर माझी होती. दोष असेल तर त्या नजरेत होता.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. झोपलेल्या माणसाची बाहुली मांडणे, म्हणजे गरिबीचेच प्रदर्शन नव्हे का? असू शकते. फोटो काढणाऱ्यांनी "किती हुबेहूब!" म्हणावे एवढ्यासाठी ती बाहुली असेल, तर ती काडेपेटीतच बरी. माणसाला दाखवणे आणि माणसाला मानणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बाहुली मांडल्याने देणे फिटत नाही. त्याची परीक्षा प्लायवर होत नाही, खऱ्या फलाटावर होते.

ताळेबंदाखालची टीप

मी दोघांनाही परत जागेवर ठेवले. त्या संध्याकाळी आबांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. ती मला तोवर नीट माहीत नव्हती.

1 जुलै 1992 रोजी याच पॉवर हाउस स्टेशनजवळ कामगार आपल्या मागण्यांसाठी रुळांवर बसले होते. पोलिसांचा गोळीबार झाला आणि पंधराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. दर वर्षी त्या तारखेला लोक तिथे जमून त्यांचे स्मरण करतात. मी ज्या स्टेशनच्या घड्याळावर दोन दिवस घालवले, तेच हे स्टेशन.

हे देखाव्यात दाखवायचे का? माझ्या पाचवीतल्या चुलत भावाने विचारले, "ताई, इथे पण दाखवायचे?" जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात 2001 साली सुरू झालेले जगप्रसिद्ध लघुरेल्वे प्रदर्शन आहे. तिथे बर्लिनच्या भिंतीचा काळही छोट्या देखाव्यांत मांडला आहे. तेव्हा असे करता येत नाही, असे नाही. पण आबा नको म्हणाले. "मेलेल्या माणसांच्या बाहुल्या करायच्या नाहीत," असे त्यांचे शब्द होते. मला ते पटले. काही गोष्टी दोन सेंटिमीटरच्या करू नयेत.

मग हे वगळणे झाले की नाही? पुन्हा माझ्या पुस्तकाने मदत केली. ताळेबंदाच्या आकड्यांत न मावणाऱ्या, पण वाचणाऱ्याला कळायलाच हव्यात अशा बाबी खाली टिपेत लिहितात. एखादी गोष्ट आकड्यांत आली नाही, म्हणून ती लपवली असे होत नाही. यंदा 1 जुलैला आबांनी गाडी चालवली नाही. सकाळी बटण बंद केले आणि प्लायवर स्वच्छ पांढरे कापड घातले. भाऊ रुसला. आबांनी त्याला शेजारी बसवून कारण सांगितले, त्याला पेलेल एवढेच. आमच्या घरच्या हिशेबातली ती टीप आहे.

आपले देखावे

वाचकहो, प्रत्येकाच्या घरी छोटी रेल्वे नसते, देखावा मात्र असतो. समारंभात आपण कोणाचे आभार मानतो आणि मांडव बांधणाऱ्यांपैकी किती जणांची नावे आपल्याला ठाऊक असतात? घरचा फोटो काढताना कोणाला "जरा बाजूला हो" म्हणतो? आपल्या यशाची गोष्ट सांगताना कोणाचे नाव दर वेळी राहून जाते? वेळेअभावी, जागेअभावी राहिले असेल तर चिंता नको. पण ते नाव आले तर गोष्टीची शोभा जाईल असे वाटून राहिले असेल, तर ती द्यायची राहिलेली मजुरी आहे.

मी मोठे काही केलेले नाही, हेही सांगते. गणपतीनंतर दुर्गला जायला मी पॉवर हाउसच्या फलाटावर बसले होते. झाडणारी बाई जवळ आली. पूर्वीसारखे मोबाइलकडे पाहत मी पाय वर घेतले असते. त्या दिवशी उठून उभी राहिले आणि "ताई, इथून झाडा" म्हणाले. त्या काहीच बोलल्या नाहीत, झाडून पुढे गेल्या. त्यांचे काही बदलले नाही, हे मला कळते. पण माझ्या हिशेबात एक नोंद योग्य बाजूला आली, आणि सुरुवात तिथूनच होते.

आज रात्री आपल्या दिवसाचा देखावा एकदा डोळ्यांसमोर आणा. त्यात कोण कोण आहे ते पाहा. मग काडेपेटी उघडा आणि आत कोण राहिले आहे तेही पाहा. एकाला तरी उद्या जागेवर ठेवा.