अक्षर कोण काढतं?

प्रोग्रॅमिंगची भाषा एका यंत्रावर वाढते आणि मग केव्हातरी दुसऱ्या यंत्रांवरही तिच्यातून खिडक्या, बटणं, मजकुराच्या चौकटी उभ्या करायची गरज पडते. हे कसं जमत गेलं, याची चर्चा बहुतेक वेळा वेग आणि देखणेपणा यांभोवतीच फिरते. मला हा इतिहास बीदर जिल्ह्यातल्या ठाणाकुशनूरच्या बाजूने पाहावासा वाटतो. या सीमाभागात घरात मराठी आणि सरकारी कागदावर कन्नड असते. दोन्ही लिप्यांत अक्षरं नुसती एकापुढे एक मांडून भागत नाही. म्हणून इथला पहिला प्रश्न वेगळा आहे: खिडकीतलं अक्षर कोण काढतं?

‘किल्ला’ हा बीदरकरांचा रोजचा शब्द घ्या. युनिकोडमध्ये तो सहा चिन्हांनी साठवला जातो: क, वेलांटी, ल, हलन्त, ल, काना. पडद्यावर मात्र वेलांटी क च्या आधी यायला हवी आणि पाय मोडलेला ल पुढच्या ल ला जाऊन चिकटायला हवा. कन्नडमध्ये तर दुसरा ल पहिल्याच्या खाली बसतो. इंग्रजी मजकुराला ही जुळवाजुळव लागत नाही, म्हणून खिडक्यांची साधनं रचणाऱ्यांना ती सुरुवातीला जाणवलीच नाही.

आपल्याकडे ती फार लवकर जाणवली. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे यांनी सुरू केलेलं काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये ‘जिस्ट’ म्हणून वाढलं. जिस्ट कार्ड संगणकात बसवलं की डॉसवरचे मजकुराचे प्रोग्रॅम भारतीय लिप्यांत चालत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला काही बदलावं लागत नसे. अक्षराची जबाबदारी प्रोग्रॅमच्या खाली, सगळ्यांना मिळून एकाच जागी ठेवायची, ही ती कल्पना. मला ती आजही फार मोठी वाटते.

चित्रमय खिडक्या आल्या आणि ती एक जागा हरवली. बर्कलीत जॉन औस्टरहाउट यांनी आपल्या टीसीएल भाषेला टीके ही खिडक्यांची जोड दिली. ते युनिक्सवर वाढलं, १९९६ साली विंडोज आणि मॅकिंतोशवर गेलं. १९९१मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायथननेही हेच टीके उचललं. पायथनमधल्या या जोडणीचं नाव टीकिंटर, आणि आजही ती वापरणाऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात टीसीएलचा दुभाषा बसलेला असतो. दुसऱ्या भाषेचं तयार घर असं आपलंसं करणं हा या इतिहासातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे. पण त्या घरातल्या उणिवाही सोबत आल्या.

जावाने दोन्ही टोकं पाहिली. १९९६च्या पहिल्या आवृत्तीत एडब्ल्यूटी हे खिडक्यांचं साधन होतं. ते बटण हवं असलं की खालच्या यंत्रणेकडेच मागे. त्यामुळे सगळ्या यंत्रांत जे समान, तेवढंच हाती लागे. १९९८मध्ये जावा १.२सोबत स्विंग आलं आणि सगळं स्वतःच रंगवू लागलं. या स्वातंत्र्याचं कौतुक झालं, ते योग्यच होतं. मात्र जो स्वतः रंगवतो, त्याला प्रत्येक लिपीही स्वतःच शिकावी लागते. विंडोज २०००ला देवनागरी जुळवता येत होती, आणि र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा टंक, म्हणजे फॉन्ट, विंडोजमध्येच होता. जावाला देवनागरीची जुळणी साधली ती १.४मध्ये, २००२ साली. खालच्या यंत्रणेला येत असलेलं ज्ञान वरच्या भाषेला पुन्हा पहिल्यापासून मिळवावं लागलं.

पुढे ही विद्या वेगळी काढून सर्वांसाठी खुली ठेवण्यात आली. हार्फबझ नावाचं सॉफ्टवेअर हे काम करतं: चिन्हांची रांग घ्यायची, टंकातले नियम वाचायचे आणि कोणता आकार कुठे बसवायचा ते सांगायचं. क्यूटी हे खिडक्यांचं साधन ते वापरतं, अँड्रॉइड वापरतं, जावानेही २०१७च्या नवव्या आवृत्तीत तेच घेतलं. २०१८च्या डिसेंबरमध्ये १.० झालेलं फ्लटर हे खिडक्यांचं नवं साधन एकूणएक ठिपका स्वतः रंगवतं, पण अक्षरांसाठी हार्फबझकडेच जातं. जिस्टमधली ती एक जागा अशी परत आली, कार्डाऐवजी सॉफ्टवेअरमध्ये, आणि या वेळी कुणालाही उघडून पाहता येईल अशी.

तरी काम अपुरं आहे, आणि ते नेमकं शिकणाऱ्याच्या वाटेवर अपुरं आहे. पायथन शिकणारं पोर पहिली खिडकी बहुधा टीकिंटरमध्ये उघडतं, कारण ते पायथनसोबतच येतं. २०१२च्या टीके ८.६मध्ये तोच प्रोग्रॅम विंडोजवर ‘किल्ला’ नीट दाखवतो. लिनक्सवर वेलांटी क च्या नंतर पडते आणि ल चा पाय मोडलेला तसाच उघडा राहतो. मुलाला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. म्हणून एखादी भाषा दुसऱ्या यंत्रावर पोचली, असं कुणी सांगितलं की मी तिथल्या मजकुराच्या चौकटीत हाच शब्द टाकतो, कर्सर मागे नेतो, एक अक्षर खोडतो, आणि मग तेच कन्नडमध्ये करून पाहतो.