जागा वाढली, निवड?

१९८१च्या झेडएक्स८१ या घरगुती कॉम्प्युटरला मेमरी होती फक्त १ केबी. डेव्हिड हॉर्नने त्यात बुद्धिबळ बसवलं, ६७२ बाइट्समध्ये! त्यासाठी कॅसलिंग वगळलं, प्याद्याचा वजीर होणंही. मागे १६ केबीचा रॅम पॅक जोडला की अशी काटछाट टळायची. पण पॅक जरा हलला तरी सगळं पुसलं जायचं.

टंचाईचं कौतुक मला नाही. वगळलेल्या चाली खरंच गेल्या. पण वगळणारा माणूस होता, त्याने विचार केला होता. दिंडोरीत द्राक्षघडांची विरळणी करताना मीही तेच करतो: कोणता मणी ठेवायचा?

फोनमधले दहा हजार फोटो मात्र कुणीच निवडलेले नसतात. वाढलेल्या जागेने निवड टळत नाही, पुढच्या पिढीवर पडते. त्यांना आपली आजी त्यात सापडेल का?