पहाटेचा उजेड आणि कामाचे तास

पौष-माघाच्या दिवसांत सूर्योदयापूर्वी आकाशात जो निळसर उजेड पसरतो, तो छायाचित्रकारांचा फार आवडता आहे. त्या उजेडात सावल्या तीक्ष्ण नसतात, चेहरे सौम्य दिसतात आणि रस्त्यावरचे दिवे अजून विझलेले नसल्यामुळे निळ्या-पिवळ्या रंगांचा सुरेख मेळ जमतो. शिवाय हिवाळ्यात जमिनीलगतची हवा थंड व वरची उबदार असते. धूर आणि धूळ वर न जाता खालीच रेंगाळते, आणि दिव्यांचे झोत त्यात स्पष्ट उमटतात. अशा वेळी रस्ता झाडणारी बाई, हातगाडी ओढणारा हमाल किंवा मासळीची पाटी उचलणारी कोळीण चित्रात मोठी देखणी दिसते. प्रदर्शनांत, दिनदर्शिकांवर आणि आता प्रत्येकाच्या मोबाइलवर अशी चित्रे आपण पाहतो व मनापासून दाद देतो. ती दाद देताना एक प्रश्न मात्र विचारायचा राहून जातो. ज्याचे श्रम आपल्याला सुंदर वाटले, त्याचे आपण काही देणे लागतो काय?

हा प्रश्न निव्वळ शिष्टाचाराचा नाही. चित्राला जो धूसरपणा शोभा देतो, तोच धूर झाडूवालीच्या छातीत जातो. सौंदर्य आणि कष्ट येथे एकाच हवेतून येतात. फरक एवढाच की एक पाहणाऱ्याच्या वाट्याला येते व दुसरे करणाऱ्याच्या.

मुंबईतील ससून डॉकचे उदाहरण घेऊ. अल्बर्ट ससून यांनी बांधलेली ही गोदी १८७५ साली सुरू झाली आणि आजही ती शहराच्या मासळी-व्यापाराचे एक मोठे केंद्र आहे. जानेवारीत मुंबईचा सूर्योदय सातनंतर होतो. आपल्या अक्षांशांवर सूर्य जवळजवळ सरळ वर चढत असल्यामुळे छायाचित्रकाराला हवा असलेला उजेड जेमतेम वीस-बावीस मिनिटे टिकतो. गोदीतले काम मात्र त्याच्या कितीतरी आधी, मिट्ट काळोखात सुरू झालेले असते. होड्यांतून माल उतरतो, लिलाव होतात, बर्फ फोडला जातो आणि बायका रांगेने कोळंबी सोलायला बसतात. बर्फातली कोळंबी सोलून सोलून बोटे बधिर होतात. छायाचित्रकार येतो तेव्हा त्याची पहाट उगवत असते, तर त्या बायकांचा अर्धा दिवस सरत आलेला असतो. चित्रात त्यांची वीस मिनिटे उरतात. बाकीचे तास गळून जातात. चित्र खोटे नसते, पण अपुरे असते. आणि अपुरेपण इतके मोहक असले की पाहणाऱ्याला त्याचा संशयही येत नाही.

हे गळलेले तास चित्रासोबत जपता येतात काय? योगायोगाने, कोळंबी सोलणाऱ्यांचीच चित्रे काढणाऱ्या एका माणसाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ते करून दाखवले. लुईस हाईन हे अमेरिकन शिक्षक १९०८ पासून तेथील राष्ट्रीय बालकामगार समितीसाठी छायाचित्रे काढू लागले. १९११ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ते मिसिसिपी व लुइझियाना राज्यांच्या किनाऱ्यावर गेले. तेथे लहान मुले कालवे फोडण्याचे व कोळंबी सोलण्याचे काम करीत. हाईन प्रत्येक चित्राची नोंद ठेवीत. रोझी नावाच्या आठ वर्षांच्या मुलीच्या चित्राखाली, ती पहाटे तीनच्या सुमारास कामाला लागते आणि संध्याकाळी पाचपर्यंत करते, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. मुलांची उंची ते आपल्या कोटाच्या गुंड्यांवरून ताडीत आणि खिशातल्या खिशात टिपून घेत. नोंद वाचली की चित्र बदलते. गोड चेहऱ्याच्या मुलीच्या जागी चौदा तास उभी असलेली मुलगी दिसू लागते.

येथे एक अडचण आहे, ती टाळणे बरे नव्हे. हाईन कारखान्यांत शिरण्यासाठी कधी विमा-विक्रेत्यासारखे, कधी आगीच्या तपासनिसासारखे सोंग घेत. मग त्यांचे कृत्य निर्दोष कसे? मला वाटते, फसवणूक कोणाची झाली हे पाहिले पाहिजे. त्यांनी चुकवले ते दार अडवणाऱ्या मालकांना. ज्यांचे चित्र काढले, त्यांचे नाव, वय आणि वेळ त्यांनी जपून ठेवली. असत्य त्यामुळे सत्य होत नाही. परंतु बलवानाला चुकवणे आणि दुर्बलाला वापरणे यांत फरक आहेच.

याच्या उलट एक प्रसिद्ध उदाहरण आहे. मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे डोरोथिया लँग यांनी एका स्थलांतरित शेतमजूर आईचे चित्र घेतले. ते जगभर गाजले, पण त्या बाईचे नाव विचारायचे राहिले. तिचे नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन असल्याचे १९७८ मध्ये जगाला कळले, तेव्हा तिने खंत बोलून दाखवली. त्या चित्रातून तिला एक पैसाही मिळाला नव्हता. लँग यांचा हेतू निःसंशय चांगला होता. चांगला हेतूही नावाची उणीव भरून काढू शकला नाही.

कायदा आपल्याला येथे फार लांब नेत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते टिपणारा. ज्याचे चित्र आहे तो नव्हे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला; परंतु पहाटे पाच वाजता भर रस्त्यात घाम गाळणाऱ्या माणसाच्या वतीने न्यायालयात कोण जाणार? उरतो तो आपला विवेक.

आधी विचारले तर चित्रातला सहजपणा जातो, असे कलावंत म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण नंतर विचारता येते. चित्र दाखवता येते, नको म्हटल्यास पुसता येते आणि हो म्हटल्यास नाव विचारून एक प्रत पोहोचवता येते. मात्र त्यासाठी चालते काम थांबवू नये. मजुरी सोललेल्या मालाच्या मोजमापावर असेल, तर आपण घेतलेला प्रत्येक क्षण तिच्या पदरचा असतो. अंधारात अचानक फ्लॅश मारणे तर दूरच राहो. ज्याच्या हातात सुरी आहे किंवा डोक्यावर ओझे आहे, त्याला तो धोकाच आहे. २०१७ मध्ये ससून डॉकवर भरलेल्या कलाप्रदर्शनात कोळी समाजातील माणसांची मोठी व्यक्तिचित्रे गोदीतच भिंतींवर लावली होती. ज्यांचे चेहरे, त्यांच्याच नजरेसमोर ते राहिले, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

हे सारे केवळ कॅमेरेवाल्यांसाठी आहे, असे आपण समजू नये. वसईच्या वाड्यांतून फुले आणि भाजी घेऊन पहाटेच्या गाडीने दादर गाठणाऱ्या स्त्रिया आपल्यापैकी अनेकांच्या आज्या, आया आणि मावश्या होत्या; काही आजही आहेत. त्यांच्यापैकी एखादीचे चित्र परक्या शहरातील दालनात, नावाविना, ‘पहाटेचे सौंदर्य’ अशा मथळ्याखाली लागलेले दिसले, तर आपल्याला काय वाटेल? अभिमान वाटेल, आणि त्याच क्षणी काहीतरी सलेल. आपल्याला ठाऊक असते की ती किती वाजता उठली होती, चूल पेटवून, मुलांचे डबे भरून मग स्टेशनवर गेली होती. चित्राला ते ठाऊक नसते.

तेव्हा पुढच्या वेळी मोबाइलवर असे एखादे चित्र आले, तर ते पुढे पाठवण्यापूर्वी क्षणभर थांबावे. हे माणूस कोण, याची पहाट किती वाजता सुरू झाली, एवढे तरी मनाशी विचारावे. मुलांनी शाळेच्या स्पर्धेसाठी असे चित्र काढून आणले, तर उजेडाचे कौतुक जरूर करावे, आणि मग विचारावे, “बाळा, त्यांचे नाव काय?”