वाटेतून बाजूला

शास्त्रभाग : मार्क १०:१३-१६

विनोदी नटाच्या आठवणी आणि मंडळीचे मासिक यांचा काय संबंध, असे एखादे वडील विचारतील. हसणे शनिवारचे आणि उपासना रविवारची, अशी वाटणी आपण मनात करून ठेवलेली असते. परंतु काही पुस्तके वाचताना हसू येते आणि हसता हसताच मन प्रार्थनेकडे वळते. इंग्रज नट अ‍ॅलेक गिनेस यांचे १९८५ साली प्रसिद्ध झालेले ‘ब्लेसिंग्ज इन डिसगाइझ’ हे असेच एक पुस्तक होय. वेष पालटून आलेले आशीर्वाद, असा त्याच्या नावाचा अर्थ.

गिनेस यांचा जन्म १९१४ साली लंडनमध्ये झाला. जन्मदाखल्यात बापाच्या नावाची जागा कोरीच होती. ही गोष्ट ते लपवीत नाहीत आणि तिचे रडगाणेही गात नाहीत. पुढे त्यांनी जगाला पोटभर हसविले. १९४९ सालच्या एका चित्रपटात त्यांनी एकाच घराण्यातल्या आठ जणांची सोंगे वठविली. त्यांत एक म्हातारा पाद्रीही होता. १९८४ सालच्या ‘ए पॅसेज टू इंडिया’मध्ये तर ते चक्क प्राध्यापक गोडबोले झाले! २००० साली ते वारले.

या पुस्तकाची गोडी अशी की लेखक स्वतःविषयी थोडे आणि इतरांविषयी फार बोलतो. ज्यांनी हात दिला, शिकविले, कान धरला, त्यांना पुढे बसवून तो स्वतः मागे उभा राहतो. आपल्या जीवनाची साक्ष देताना आपण असे करतो काय? पुष्कळदा साक्ष प्रभूची आणि गोष्ट मात्र आपलीच असते.

त्यातील एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. चेस्टरटन यांच्या कथांवरील ‘फादर ब्राऊन’ हा चित्रपट १९५४ साली पडद्यावर आला. त्याचे काही चित्रीकरण फ्रान्समधील बरगंडी प्रांतात चालले होते. गिनेस रोमन पाद्र्याचा झगा घालूनच अंधारातून बिऱ्हाडी चालले होते. इतक्यात सात-आठ वर्षांचा एक मुलगा पाद्रीबाबा म्हणून हाक मारीत धावत आला. त्याने त्यांचा हात घट्ट धरला आणि हात झुलवीत तो बडबडत चालू लागला. आपले मोडकेतोडके फ्रेंच ऐकून पोर घाबरेल म्हणून गिनेस गप्प राहिले. थोड्या वेळाने मुलाने रामराम केला आणि कुंपणातल्या एका फटीतून तो दिसेनासा झाला.

मूल नटाला ओळखत नव्हते. त्याने विश्वास ठेवला तो झग्यावर. ज्या मंडळीच्या वेषावर लेकरू इतके निर्धास्त विसंबते, ती लहानपणापासून ऐकली तशी कपटी नसावी, असे गिनेस यांना वाटले आणि मनातील जुनी अढी सैल होऊ लागली.

त्या काळातली दुसरी गोष्ट. त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा मॅथ्यू पोलिओने आजारी पडला; कमरेखालचे अंग लुळे झाले. संध्याकाळी काम आटोपून घरी जाताना गिनेस एका रोमन मंदिरात जाऊन बसत. तेथे त्यांनी देवाला म्हटले की मुलगा बरा झाला आणि पुढे त्याला या मंडळीत यावेसे वाटले, तर मी आड येणार नाही. मुलगा बरा झाला. काही वर्षांनी त्याने तीच इच्छा सांगितली आणि बापाने शब्द पाळला. १९५६ साली बापही त्याच मंडळीत गेला.

रोमन मंडळीच्या शिक्षणाशी आपले मतभेद आहेत आणि ते लहान नाहीत. शिवाय देवाशी असा सौदा करावा काय? इफ्ताहाचा नवस आठवला की भय वाटते; हन्नाचा आठवला की धीर येतो. देव सौदागर नाही; तरी घाबरलेल्या बापाचे वेडेवाकडे बोल तो ऐकतो. आणि या बापाने देऊ केले तरी काय? पैसा नव्हे, उपास नव्हे. केवळ वाटेतून बाजूला होणे! आपल्या शास्त्रभागातील शिष्यांना नेमके हेच जमले नाही. प्रभू आणि लेकरे यांच्यामध्ये ते उभे राहिले, म्हणून प्रभू त्यांच्यावर रागावला.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, झगा नसला तरी तुमच्या अंगावर मंडळीचा वेष आहेच. मूल तुमची पात्रता पाहून हात धरीत नाही. तुम्ही प्रभूच्या घरचे आहात, एवढेच ते जाणते. याच विश्वासाचा मंडळीच्या वेषात घात झाल्याच्या बातम्या आज आपण वाचतो, तेव्हा मान खाली जाते. म्हणून धरलेला हात जपा. आणि मूल प्रभूकडे निघाले की आपला मान, आपली चिडचिड, घोटून घेतलेली उत्तरे त्याच्या वाटेत ठेवू नका.

हे प्रभू, लेकरांचा हात आमच्या हाती आहे तोवर आम्हांला विश्वासू ठेव. आणि तू त्यांना बोलावशील तेव्हा आम्हांला वाटेतून बाजूला कर. आमेन.