असभ्य कोण?



'सभ्य' हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो, पण त्याच्या मुळाकडे पाहत नाही. पाणिनीने तो 'सभा' या शब्दापासून साधला आहे. सभेत बसण्यास योग्य तो सभ्य, अयोग्य तो असभ्य. तसेच गावचा तो ग्राम्य, नगरातला तो नागर. मुळात हे शब्द माणसाचे वसतिस्थान सांगणारे. पण पुढे 'नागर' म्हणजे चतुर आणि 'ग्राम्य' म्हणजे ओंगळ असे अर्थ रूढ झाले. अलंकारशास्त्राने तर 'ग्राम्यत्व' हा काव्यदोषच ठरविला.

इंग्रजांच्या देशातही हेच घडले. त्यांच्या 'व्हल्गर' या शब्दाचे लॅटिन मूळ पाहिले तर अर्थ निघतो 'सामान्य लोकांचा', एवढाच. १९५४ साली ॲलन रॉस या भाषापंडिताने दाखवून दिले की, तेथील उच्च वर्ग आता मुख्यतः बोलण्यावरूनच वेगळा ओळखू येतो. जेवताना हात पुसण्याच्या वस्त्राला 'नॅपकिन' म्हणणारा वरचा आणि 'सर्व्हिएट' म्हणणारा खालचा! वस्त्र तेच, हातही तसाच. परंतु एका शब्दाने माणसाची पायरी ठरते.

आपण हसू नये. १९५६ साली जुन्या बीदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आले. नकाशावर रेघ पडली, बोली मात्र दोन्हीकडे तीच राहिली. तिच्यात कानडीचा हेल आहे, निजामाच्या काळातील उर्दूचे शब्द आहेत. पुण्यास शिकावयास गेलेला आपला मुलगा ही बोली चारचौघांत लपवितो. पुढे आजी भेटावयास आली की तिलाही लपवावेसे त्याला वाटते. येथेच प्रश्न भाषेचा उरत नाही, तो धर्माचा होतो.

आता बाराव्या शतकातील कल्याणकडे पाहू. अनुभव मंटपात कोण बसले होते? दोर वळणारे नुलिय चंदय्या, कपडे धुणारे मडिवाळ माचय्या, चामडे कमावणारे डोहर कक्कय्या, नाव हाकणारे अंबिगर चौडय्या. ज्यांना त्या काळच्या कोणत्याही सभेत जागा नव्हती, त्यांचीच येथे सभा भरली. 'सभेत शोभतो तो सभ्य' ही व्याख्या शरणांनी मोडली नाही. त्यांनी सभाच बदलली. आणि ते ज्या भाषेत बोलले ती पंडितांची संस्कृत नव्हती, शेताबाजारातील कन्नड होती. शास्त्राने ज्याला दोष म्हटले तेच शरणांच्या मुखी धर्मवाणी झाले.

यावर कोणी विचारील, मग शिष्टाचार नकोच काय? वाटेल तसे बोलावे काय? नाही. बसवण्णांनी मृदू बोलण्यास जपाची योग्यता दिली आहे. पंचाचारांत सदाचार आहे, तसाच भृत्याचारही आहे. चौडय्यांची वचने कठोर आहेत हे खरे. पण तो कठोरपणा दांभिकावर आहे, दुर्बळावर नाही. म्हणून बोलणे कोणत्या घराण्याचे आहे हे पाहू नये, ते कोणाला लागते हे पाहावे. शुद्ध उच्चारांत गरिबाचा अपमान करणारा असभ्यच. रांगड्या बोलीत त्याला जेवू घालणारा सभ्यच.

आयदक्की लक्कम्मांची कथा आपणास ठाऊक आहे. सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे मारय्यांचे कायक. एके दिवशी त्यांनी गरजेपेक्षा अधिक आणले, तेव्हा या माउलीने ते परत नेऊन टाकावयास लावले. दुसऱ्याचा वाटा आपल्या घरात न ठेवणे याहून मोठी सुसंस्कृतता कोणती? ती काटा-चमच्याने येत नाही आणि व्याकरणानेही येत नाही.

तेव्हा दासोहाच्या पंगतीत कोणी आंबिलाचा भुरका मारला, तर त्याच्याकडे पाहू नका. त्याच्याजवळून आपले ताट सरकविणारा कोण, ते पाहा. आणि ते ताट आपलेच निघाले तर पुन्हा जागेवर आणा. इस्त्रीच्या धोतराला पुढची जागा आणि मळक्या सदऱ्याला दाराजवळची, असे जेथे होते तेथे अनुभव मंटपाचे नाव घेण्याचा अधिकार आपणास राहत नाही. इष्टलिंग दोघांच्याही छातीवर सारखेच आहे.

शरणु शरणार्थी.